दीड फरशी

पकड लागली, आणि बरं वाटायच्या ऐवजी त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रविवार होता, सकाळचे अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. पडद्यावर त्याच्या ठेंगण्या पैलवानाने दादाच्या उंच, पांढऱ्या कपड्यांतल्या लढवय्याला कमरेत धरलं, उचललं आणि फरशीवर आपटलं. वरची ताकदीची पट्टी पाव हिश्शाने आखडली. पहिल्याच डावात, पहिल्या सहा सेकंदांत. दादाला पकड कधी लागतच नसे असं नव्हतं. दहात एखादी लागायची. पण ती कोपऱ्यात रेटत नेऊन, दोनदा हूल देऊन, घाम काढल्यावर. मोकळ्या मैदानात आपण होऊन समोर येऊन उभा राहिलेला दादा त्याने तीस वर्षांत पाहिला नव्हता. लढवय्या उठला, दोन पावलं मागे गेला, थांबला, आणि कारण नसताना पुन्हा एक पाऊल पुढे आला. ते पाऊल पाहत त्याने सवयीने पुन्हा पकड टाकली. ती मात्र सुटली, आणि सुटली ती दादासारखीच सुटली, अगदी शेवटच्या क्षणाला.

दादा त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. सहा तासांच्या अंतरावरच्या शहरात राहायचा, जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. हा खेळ दादानेच त्याला शिकवला होता, शाळेच्या वाटेवरच्या एका तळघरात. वर शिलाईचं दुकान होतं, खाली चार यंत्रं. शिलाई मशीनची धडधड छतातून सतत झिरपायची. यंत्राच्या डाव्या बाजूला दांडा, उजव्या बाजूला सहा बटणं. दांडा हलवला की माणूस चालतो, बटण दाबलं की मारतो. त्याचे हात तेव्हा लहान होते. दादासारख्या लांबलचक मारांच्या साखळ्या त्याला जमायच्या नाहीत, बोटं अडखळायची. तेव्हा दादाने त्याला पकड दाखवली. समोरचा ठोसे अडवत बसला तर कितीही ठोसे मारून उपयोग नाही. जाऊन त्याला धरायचं. धरायला दोनच बटणं लागतात, एकदम दाबायची. "पण तिथून नको," दादाने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. त्यांचं नेहमीचं मैदान म्हणजे एक अंगण होतं, त्याला चौकोनी फरशा काढलेल्या होत्या. "दीड फरशी. त्याच्या आत आलास तरच हात पोचतो. पावणेदोनवरून टाकलीस तर काय होतं बघ." त्याने टाकली. पैलवानाने हवेलाच मिठी मारली आणि क्षणभर तसाच उभा राहिला, मिठीत कुणी नाही हे उशिरा कळल्यासारखा. तेवढ्यात दादाने त्याला पार लोळवला. "लोकांना वाटतं पकड हाताची असते. पकड पायाची. आधी जागा, मग हात." त्या दिवसापासून तो पकडच टाकत राहिला, दुसरं काही शिकलाच नाही. दादाने त्याचं नाव गोचीड ठेवलं. तळघरातल्या पोरांत तेच चाललं, घरीही चाललं, आणि पडद्यावर आजही त्याच्या खेळाडूच्या डोक्यावर तेच नाव दिसायचं.

पकडीवर उताराही होता. समोरच्याने धरल्याबरोबर तीच दोन बटणं दाबली की पकड सुटते, दोघं एकमेकांना ढकलून लांब होतात. वेळ फार थोडा. एका सेकंदाचे साठ तुकडे केले तर त्यातले सात. बहुतेक लोक घाबरून पहिल्या-दुसऱ्या तुकड्यातच दाबतात, आणि मग नुसती हूल असली तर फसतात. दादा सहावा तुकडा येईपर्यंत थांबायचा. पकडच आहे, ठोसा नाही, अशी खात्री करून घ्यायचा आणि मग सोडवायचा. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, गेला हा. आणि मग तो सुटलेला असायचा. हा थांबा त्याला इतका ओळखीचा होता की डोळे मिटून नुसत्या आवाजावरून त्याने दादाची सुटका हजार जणांत ओळखली असती. त्या रविवारी पकड लागत होती, सुटत होती, आणि सुटताना दरवेळी तोच थांबा होता. पण पकडीच्या आत यायचं कामच दादा करत नसे. दादा दोन फरशांवर उभा राहायचा, कायम, भिंतीला टेकल्यासारखा निवांत. आज तो दीडवर यायचा, सव्वावर यायचा, कधी अडीचवर जाऊन घुटमळायचा. दोन डावांच्या मधे त्याने इंटरनेट तपासलं; सिग्नल चांगला होता. दहा डाव आधी जिंकेल तो जिंकला, असा त्यांचा नियम. तो दहा-तीनने जिंकला. दादाने नेहमीप्रमाणे काही न लिहिता खेळ बंद केला. पडद्यावरचं त्याचं नाव हिरव्याचं करडं झालं.

बोलायची सोयच नव्हती. ती त्याने स्वतः बंद केली होती. आई दादाकडे असायची. पाच वर्षांपूर्वी ती मंगळवारी न्हाणीघरात पडली, तिला दवाखान्यात नेलं, आणि त्याला फोन आला तो गुरुवारी दुपारी, तेव्हा सांगायला एकच गोष्ट उरली होती. तो पोचला तेव्हा घरात माणसं होती. वहिनी ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन उभी होती. "ती म्हणाली, त्याला उगाच धावपळ नको, उद्यापर्यंत बरी होईन," दादा म्हणाला होता. "आम्हालाही तसंच वाटलं रे." त्यावर तो जे बोलला ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. "यापुढे मला काही कळवू नकोस. तुझ्याकडचं काहीही. मेलास तरी." खोलीतली माणसं जमिनीकडे बघायला लागली होती. दादाने जरा वेळ विचार केला, कचेरीत एखादी रेघ मान्य करावी तसा, आणि म्हणाला, "बरं." पुढे कितीतरी महिने त्याला एकाच गोष्टीचं नवल वाटत राहिलं, की सगळ्या पकडी वेळेत सोडवणाऱ्या माणसाला एका फोनला दोन दिवस उशीर कसा होतो. वर्षभराने एका रविवारी अकरा वाजता पडद्याच्या कोपऱ्यात दादाच्या नावाचं आमंत्रण चमकलं. त्याने ते बराच वेळ चमकू दिलं, मग घेतलं. माइक दोघांचेही बंद. तेव्हापासून चार वर्षं, दर रविवारी अकरा. दादा जिवंत आहे, त्याचे हात ठीक आहेत, आज तो जरा चिडलेला आहे, आज त्याची झोप झालेली नाही, हे सगळं त्याला त्यातून कळत असे, आणि तेवढं पुरतं असं त्याने ठरवून टाकलं होतं.

आणि आता या रविवारच्या आधी सात रविवार दादा आलाच नव्हता. सातही रविवारी तो अकराला पडद्यासमोर बसला. त्याच्या दोन खोल्यांच्या घरात दोन खुर्च्या होत्या, एक बसायची आणि एक कपडे टाकायची. साडेअकराला तो उठून कपड्यांच्या घड्या करायचा. पहिल्या रविवारी त्याला वाटलं, गावाला गेले असतील. दुसऱ्या रविवारी वाटलं, इंटरनेट बंद असेल. तिसऱ्या रविवारी त्याने फोन हातात घेतला होता. पण काही कळवू नकोस म्हणणाऱ्याने काही कळलं का म्हणून विचारायचं, म्हणजे थुंकलेलं चाटायचं. त्याने फोन उलटा करून ठेवला. आठव्या रविवारी नाव हिरवं झालं तेव्हा त्याला इतकं हलकं वाटलं की पहिली पकड टाकताना तो जवळजवळ हसत होता. आणि ती लागली.

आठवडाभर ते पाऊल त्याच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. त्याचं काम एका मोठ्या दवाखान्यात, कान तपासायचं. जाड दाराची एक बंद पेटीवजा खोली, तिला एक काच. आत पेशंट हेडफोन लावून, हातात एक बटण घेऊन बसायचा. काचेबाहेर तो. तो बारीक, अजून बारीक आवाज सोडत जायचा. ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. बाहेर दिवा लागायचा. मग आलेखावर उजव्या कानाची लाल वर्तुळं, डाव्याच्या निळ्या फुल्या. बावीस वर्षं तो दिवा बघून त्याला माणसं दाबण्यावरून कळायला लागली होती. भित्री माणसं लवकर दाबतात. आपल्याला कमी ऐकू येतं हे कबूल नसणारी जोरात दाबतात, जणू बटणावर जोर दिला की कान सुधारेल. नुकसानभरपाईसाठी बहिरी झालेली ठरावीक अंतराने दाबतात. गुरुवारी एक निवृत्त मास्तर आले होते, बरोबर बायको. मास्तर आत एकटे बसायला तयार होईनात, दार लागलं की जीव घाबरतो म्हणे. म्हणून बाईंना शेजारी स्टूल दिलं. मास्तरांचे कान अपेक्षेपेक्षा फारच चांगले निघायला लागले. इतके चांगले की त्याला शंका आली. प्रत्येक दाब यायचा, पण एका ठरावीक उशिराने. त्याने आवाज न सोडता नुसतीच बटणाकडे बोटं नेली. दिवा लागला. पुन्हा नेली. पुन्हा लागला. त्याने काचेतून नीट पाहिलं. बाई त्याच्या हाताकडे टक लावून बघत होत्या, आणि त्याची बोटं हलली की मास्तरांना कोपराने ढोसत होत्या.

त्याने दार उघडलं. "बाई, तपासणी कुणाची चाललीय?"

"यांचीच की," बाई म्हणाल्या.

"मग तुम्ही का ढोसताय त्यांना?"

"अहो, परवापासून यांनी जेवण टाकलंय. बहिरा झालो, बहिरा झालो म्हणून. म्हटलं, एवढा कागद तरी चांगला येऊ दे."

मास्तर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. "काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

"पास झालात म्हणतायत!" बाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

त्याला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच थांबलं. दाबणारा हात मास्तरांचा होता, पण कधी दाबायचं ते दुसरंच कुणी ठरवत होतं. तो काचेबाहेरच्या आपल्या खुर्चीत येऊन बसला. आलेखाचा कागद समोर कोराच राहिला. दादाचा थांबा दादाचाच होता. सहावा तुकडा. तो कुणाला उसना आणता येत नाही. म्हणजे बटणांवरचा उजवा हात दादाचा. आणि पावलं, जी त्याने तळघरात फरशा मोजून शिकवली होती, ती दुसऱ्या कुणाची. दांडा डाव्या हातात असतो, घरच्या पेटीवरही. सात रविवार. तो दवाखान्यात काम करत होता. डावा हात एकाएकी जाणं म्हणजे काय, त्यानंतर माणूस किती आठवडे झोपून असतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बाहेर पुढच्या पेशंटने दार वाजवलं. त्याने मास्तरांचा आलेख पुन्हा पहिल्यापासून घेतला, यावेळी बाईंना बाहेर बसवून. मग त्याला असं वाटलं की तेवढं नसतं केलं तरी चाललं असतं.

रविवारी अकराला नाव हिरवं झालं. आता काय बघायचं ते ठाऊक असल्यामुळे सगळं इतकं उघड दिसत होतं की गेल्या वेळी ते दिसलं कसं नाही याचंच त्याला आश्चर्य वाटलं. लढवय्या चालायचा तो एखाद्या परक्या घरात दिवा शोधणाऱ्या माणसासारखा. पुढे येऊन थांबायचा, बहुधा कुणीतरी 'थांब' म्हणाल्यावर. आणि थांबल्याबरोबर त्याचे हात मात्र जागच्या जागी, चोख, जुन्या वळणाचे. पाय आणि हात यांच्यात एका वाक्याएवढं अंतर होतं. एका ठिकाणी तो लढवय्या चक्क पाठ फिरवून भिंतीकडे चालत गेला आणि परत वळला, आणि पडद्यासमोर बसलेल्या त्याला ऐकू आल्यासारखं झालं, अगं इकडे, इकडे. वहिनी. घरात दुसरं होतंच कोण? तिला हा खेळ कधी आवडला नव्हता. आई असताना सुट्टीत दोघं भाऊ खेळत बसले की ती पदराला हात पुसत येऊन म्हणायची, "किती मिठ्या मारताय त्या दोन बाहुल्यांच्या! लग्न लावून द्या एकदाचं." ती आता दादाच्या डाव्या बाजूला बसून त्याचे पाय झाली होती, आणि हे दोघं, पाच वर्षं गप्प असलेल्या माणसाला काही कळू नये म्हणून, तसं बसून रविवारचे अकरा पाळत होते. समोर दादा सव्वा फरशीवर उभा होता, पकडीत, अगदी आयता.

आणि तिथे त्याने ती चूक केली. त्याने अर्धं पाऊल मागे घेतलं आणि मग पकड टाकली. पैलवानाने हवेला मिठी मारली. दादाचा ठोसा आला, पूर्ण बसला. त्याला बरं वाटलं. पुढच्या डावात पुन्हा तेच केलं, मग पुन्हा. आपल्या परीने तो ते बेमालूम करत होता. एकदा पावणेदोनवरून, एकदा दादाने उडी मारल्यावर, घाई झाल्यासारखी. चौथ्यांदा टाकली तेव्हा ठोसा आला नाही. लढवय्या समोर नुसता उभा राहिला. पैलवानाच्या हवेतल्या मिठीसमोर, हात खाली सोडून. डावाचं घड्याळ चालू होतं, साठ, एकोणसाठ. त्याने गोंधळून आणखी एक पकड टाकली, तीही आखूड. लढवय्या हलला नाही. तळघरात एकदा कुणातरी मोठ्या मुलाने दादाला लहान समजून एक डाव सोडला होता. दादाने यंत्रावरचे हात काढून घेतले होते आणि उरलेला पूर्ण वेळ खिशात हात घालून उभा राहिला होता, तो मुलगा ओशाळून निघून जाईपर्यंत. ते आठवलं तोपर्यंत उशीर झाला होता. पडद्यावर अक्षरं आली, समोरचा खेळाडू निघून गेला आहे. नाव करडं झालं.

पुढच्या रविवारी ते करडंच राहिलं. अकरा, सव्वाअकरा, बारा. तो कपड्यांच्या घड्या करायला उठला नाही. चार वर्षं जो एक दोरा हातात होता तो त्याने स्वतः, दया म्हणून, तोडला होता. आणि आता दादाकडचं काही कळणार असेल तर ते पुन्हा एखाद्या गुरुवारी दुपारी, सांगायला एकच गोष्ट उरल्यावर कळणार होतं. नाही, तेही कळणार नव्हतं. मेलास तरी, असं तोच म्हणाला होता, आणि दादा शब्दाचा पक्का. एक वाजता त्याने फोन लावला. वहिनीचा नंबर त्याच्याकडे होता, पाच वर्षांत एकदाही न लावलेला.

"भाऊजी?" पहिल्याच घंटीला तिने उचलला होता.

"वहिनी, दादाला काय झालंय?"

पलीकडे कुठलंतरी दार लोटल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, खालच्या पट्टीत. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. डावा हात ना?"

"हात आणि थोडा पाय. बोलणं आहे. बोलणं तर इतकं आहे की विचारू नका." ती हसली. "अडीच महिने झाले. मी म्हटलं होतं कळवू या. म्हणाले, त्याने नको म्हटलंय. भाऊजी, मला चालवायला येत नव्हतं हो नीट. माझ्यामुळे हरतात म्हणून मी रोज दुपारी एकटी बसून शिकतेय. फरशा मोजते."

"तुमच्यामुळे नाही."

"आता खेळणारच नाही म्हणाले. टीव्हीची वायर काढून ठेवलीय. म्हणाले, गोचिडाने दया केली माझ्यावर."

"मी येतो," तो म्हणाला. "त्याला सांगू नका." आणि मग स्वतःच्याच शब्दांनी दचकून म्हणाला, "नाही, सांगा. आत्ताच सांगा."

शनिवारी दुपारी तो पोचला. जिना दोन मजल्यांचा होता, कठड्याला नवा रंग. वहिनीने दार उघडलं. ती वाळली होती. "या भाऊजी. चपला आत घ्या, बाहेर टिकत नाहीत." दादा कोचावर बसला होता. त्याचा डावा हात एका उशीवर ठेवला होता, पाहुण्याने विसरलेल्या एखाद्या वस्तूसारखा. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. केस सगळे पांढरे झाले होते. पाच वर्षांत ते पडद्यावरून कळायचं काही कारण नव्हतं.

"मुद्दाम चुकवलीस," दादा म्हणाला. पाच वर्षांनंतरचे पहिले शब्द.

"हो."

"किती?"

"चार."

"पाच. मी उभा राहिल्यावर आणखी एक टाकलीस, ती कोण मोजणार?" दादाचा उजवा हात गुडघ्यावर उघडझाप करत होता. "माझा हात गेलाय. डोळे जागेवर आहेत. पावणेदोनवरून तू शेवटची पकड टाकलीस तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

तो म्हणाला, "मला कळवलं का नाहीस?"

"तू म्हणाला होतास."

"रागात म्हणालो होतो, दादा."

"ते मला कसं कळावं? तू म्हणालास, मी ऐकलं."

"धन्य आहे," वहिनी पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली. "एक बोलून बसला, एक ऐकून बसला. आणि मी मेली मधे फरशा मोजतेय."

कुणी हसलं नाही, पण खोलीतली हवा जरा सैल झाली. दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "आणलीय का पेटी?" त्याने पिशवीतून आपली दांड्या-बटणांची पेटी काढली. वहिनीने वायर जागेवर लावली. तो खुर्चीत बसला, बाजूला कोचावर ते दोघं. वहिनी दादाच्या डावीकडे अगदी खेटून, दोघांच्या मांड्यांवर मिळून एकच पेटी. तिने उजव्या हाताने दांडा धरला, मधल्या बोटाने आणि अंगठ्याने, चिमूट मीठ धरावं तसा. त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागला होता आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. ते दोन रविवार आपण इथून सहा तासांवर एकटे बसून यांच्याशी खेळत होतो, हे त्याने ऐकलेलं होतं, समजूनही घेतलेलं होतं. पण बघताना ते निराळंच होतं. त्याला एकदम आपल्या घरातली ती कपडे टाकायची खुर्ची दिसली.

"जाऊ?" वहिनीने विचारलं.

"थांब."

"आला की तो जवळ."

"येऊ दे. थांब. मागे, अर्धी. अर्धी म्हटलं, घराबाहेर नको काढूस मला!"

"अहो, मग नीट सांगा. अर्धी म्हणजे या रेघेपर्यंत की त्या?"

त्याने पकड टाकली, दीडच्या आतून, पूर्ण. सुटली. सहावा तुकडा. पुढची लागली आणि लढवय्या फरशीवर आपटला. "आई गं," वहिनी म्हणाली. दादाच्या तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेली. अडचण वेगळीच होती. एकाच खोलीत असल्यामुळे त्याला सगळं ऐकू येत होतं. दादा 'आत्ता' म्हणाला की वहिनी पुढे येणार हे त्याला आधीच कळायचं. बावीस वर्षं ज्याने लोकांच्या ऐकण्याची मापं काढली, तो आता न ऐकण्याचा आटोकाट प्रयत्न करत होता. चौथ्या डावात दादाच्या ते लक्षात आलं. त्याने 'आत्ता' म्हणणं सोडलं आणि खांद्याने वहिनीला हलका धक्का द्यायला लागला. धक्का दिसत होता. मग तोही बंद झाला. मग ते कशावरून हलत होते ते त्याला कळेनासं झालं. एका डावात लढवय्या दोन फरशांवर जाऊन उभा राहिला आणि तिथेच राहिला, निवांत, आणि पैलवान कितीही घुटमळला तरी त्याला जवळ जायची वाट सापडेना. तो डाव ते जिंकले. वहिनीने दांडा सोडून टाळी वाजवली. एकूण तो दहा-पाचने जिंकला, एकही पकड आखूड न टाकता. "आता कसं," दादा म्हणाला, आणि कोचाच्या पाठीला डोकं टेकून त्याने डोळे मिटले. तो दमला होता. कपाळावर घाम होता, आणि तो पुसायला त्याचा उजवा हात बटणांवरून उठेपर्यंत वहिनीने तो पदराने पुसलाही होता.

ती उठून आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, भांडं ठेवल्याचा. पडद्यावर पुन्हा खेळायचं का म्हणून प्रश्न आला होता आणि त्याखाली आकडे उतरत होते, नऊ, आठ. दोघांपैकी कुणीच काही दाबलं नाही. आकडे संपले. पडदा काळा झाला आणि त्यात ते दोघं दिसले, एक कोचावर, एक खुर्चीत. मधली जागा होती त्याहून पडद्यात जास्त वाटत होती. दादाने डोळे उघडले नाहीत.

"गुरुवारी फोटो काढायचाय मानेतल्या शिरेचा," तो म्हणाला. "तिथे अजून काहीतरी आहे म्हणतात. ऑपरेशन करायचं की नाही ते त्यावर ठरेल. हिला मी सांगितलंय की साधी तपासणी आहे."

कुणी विचारलेलं नव्हतं. दादा आपण होऊन सांगत होता, गुरुवारच्या पाच दिवस आधी, आणि घरात हे फक्त त्याला ठाऊक होतं.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

"साडेनऊ."

"मी राहतो गुरुवारपर्यंत."

आतून वहिनीने साखर किती म्हणून विचारलं. दादाने तिला ओरडून सांगितलं, आणि मग आवाज खाली आणून, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाला, "मग नऊच्या आत निघावं लागेल. जिना उतरायला मला वेळ लागतो."